संगणकांची नोंदवही आपोआप कशी ठेवावी?

प्रश्न : महाविद्यालयातील दीडशे संगणकांची जंत्री हाताने ठेवणे अवघड जाते. त्यासाठी मुक्तस्रोत प्रणाली आहे का?

उत्तर : या कामासाठी मूळची फ्रान्समधील ‘ओसीएस इन्व्हेंटरी’ ही प्रणाली विश्वासार्ह आहे. तिच्यात प्रत्येक संगणकावर ‘एजंट’ नावाचा लहान प्रोग्राम बसवला जातो आणि तो प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क व स्थापित सॉफ्टवेअर यांची माहिती गोळा करून ठरावीक वेळाने मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवतो, जिथे ती डेटाबेसमध्ये साठवली जाते. निवडक एजंट आपल्या नेटवर्कच्या भागात कोणती उपकरणे प्रतिसाद देतात हेही तपासतात, त्यामुळे ज्यांवर एजंट बसवताच येत नाही असे प्रिंटरही नजरेस पडतात. ही सोय फार मोलाची आहे.

मात्र यंत्राचा अनुक्रमांक मदरबोर्डवरील बायोसमधून वाचला जातो आणि सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकांत तो पुष्कळदा भरलेलाच नसतो. अशा यंत्राच्या नोंदीत अनुक्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, म्हणजे ‘निर्मात्याने भरावे’, एवढेच वाक्य उमटते. म्हणून प्रत्येक यंत्रावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून तोच क्रमांक प्रणालीत नोंदवणे अत्यावश्यक ठरते.

खरेदीची बिले, वॉरंटी आणि दुरुस्तीच्या तक्रारीही एकत्र हव्या असल्यास ‘जीएलपीआय’ ही दुसरी प्रणाली अधिक सोयीची आहे, कारण 2022 मध्ये आलेल्या तिच्या दहाव्या आवृत्तीपासून माहिती-संकलनाची सोय तिच्यातच अंगभूत आहे.