परदेशात गाडीची किल्ली हाती घेण्यापूर्वी
महाड-पोलादपूरकडच्या नवागतांसाठी, आधी गेलेल्या कुटुंबांकडून

उमरठ, पोलादपूर, महाड हा सगळा चाकरमान्यांचा मुलूख. आजोबांची पिढी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. आता नातवंडं दुबई, लंडन, न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्नला निघाली आहेत. निघताना घरची माणसं सगळं सांगतात: पासपोर्ट जप, थंडीचे कपडे घे, पोचल्यावर फोन कर. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कायद्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. थोरांसमोर हा विषय निघत नाही आणि मित्रांमध्ये तो थट्टेवारी जातो. म्हणून तिकडे स्थिरावलेल्या कुटुंबांनी नव्याने येणाऱ्यांना जे सांगायचं ते आम्ही इथे एकत्र केलं आहे.

सर्वांचं म्हणणं एकच आहे. कोर्टाचा दंड ही या गुन्ह्याची सर्वांत लहान किंमत आहे. नागरिकाचं लायसन्स जातं. व्हिसावर आलेल्याची नोकरी, घर, मुलांची शाळा आणि त्या देशात राहण्याचा हक्क, सगळंच पणाला लागतं.

मर्यादा किती?

बहुतेक देशांत १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, यावर गुन्हा ठरतो. भारतात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ८०, तर स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ५०. अमेरिकेत साधारण ८०, फक्त यूटा राज्यात २०१८ च्या अखेरीपासून ५०. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात ८०. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीत ५०.

हे आकडे पाठ करून पेगांचा हिशेब मांडू नका. एकाच बाटलीतली दारू दोघांच्या रक्तात वेगवेगळी उतरते. वजन, पोटात अन्न आहे की नाही, औषधं, झोप, सगळ्यांचा परिणाम होतो. शिवाय हे आकडे बहुधा जुन्या लायसन्सधारकांसाठी असतात. ऑस्ट्रेलियात लर्नर आणि पी-प्लेटवाल्यांना मर्यादा शून्य आहे. ओंटारिओत जी-१ आणि जी-२ लायसन्सवर शून्य, जर्मनीत २१ वर्षांखालच्यांना आणि नव्या लायसन्सधारकांना शून्य. अमेरिकेत २१ वर्षांखालच्यांना जवळजवळ शून्यच. गावी दहा वर्षं कशेडी घाटात गाडी चालवली असली, तरी तिकडचं लायसन्स नव्याने काढलं की कागदावर तुम्ही नवशिके ठरू शकता.

पकडल्यावर काय होतं?

ब्रिटनमध्ये मर्यादेपेक्षा जास्त दारू घेऊन गाडी चालवली, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, रकमेची मर्यादा नसलेला दंड आणि किमान एक वर्ष गाडी चालवण्यास बंदी. १० वर्षांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास बंदी किमान ३ वर्षांची. लायसन्सवरची नोंद ११ वर्षं राहते. दारूच्या नशेत निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेतला, तर २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

कॅनडात पहिल्या गुन्ह्याला किमान १,००० डॉलर दंड, दुसऱ्याला किमान ३० दिवस आणि तिसऱ्याला किमान १२० दिवस कैद. १८ डिसेंबर २०१८ पासून पोलीस कायदेशीररीत्या थांबवलेल्या कोणत्याही चालकाला, संशय नसतानाही, मशीनमध्ये फुंकायला सांगू शकतात.

ऑस्ट्रेलियात अशी सरसकट तपासणी १९८० च्या दशकापासून अंगवळणी पडली आहे. सकाळी ऑफिसला जाताना, दुपारी मुलांना शाळेतून आणताना, कधीही फुंकायला लावतात.

संयुक्त अरब अमिरातीत मर्यादा ही गोष्टच नाही. थोडीही घेतलेली चालत नाही. मार्च २०२५ च्या अखेरीस लागू झालेल्या वाहतूक कायद्यानुसार २०,००० ते १,००,००० दिरहॅम दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्स पहिल्या वेळी निलंबित होतं, तिसऱ्या वेळी रद्द. दुबईच्या हॉटेलात दारू मिळते, पण शेजारच्या शारजात दारूबंदी आहे. दुबईत पार्टी आणि शारजात खोली असं ज्यांचं असतं, त्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. कुवेत आणि सौदीत सर्वसामान्य कामगाराने दारू जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. तिथे गाडीपर्यंत गोष्ट जाण्याची गरजच नाही. आखातात शिक्षा भोगल्यावर मायदेशी रवानगी होते आणि पुन्हा प्रवेश मिळत नाही, अशी उदाहरणं प्रत्येक कामगार वस्तीत ऐकायला मिळतात.

व्हिसावरचा घाव

अमेरिकेत परराष्ट्र खात्याने २०१५ पासून कडक धोरण धरलं आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मागच्या ५ वर्षांत अटक झाली असेल, तर त्या अटकेवरून व्हिसा रद्द केला जाऊ शकतो. दोषी ठरेपर्यंत थांबलं जात नाही. व्हिसा रद्द झाला म्हणून त्याच दिवशी देश सोडावा लागतो असं नाही. पण एकदा बाहेर पडलं की परत जाण्यासाठी नवा व्हिसा लागतो. त्यासाठी ठरवून दिलेल्या डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी लागते. आई आजारी आहे म्हणून पोलादपूरला यायचं, आणि परत जाता येईल की नाही याची खात्री नाही, अशा कोंडीत माणूस सापडतो.

न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं हा कायद्याच्या भाषेत वाहतुकीचा नियमभंग आहे, फौजदारी गुन्हा नाही. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की हे किरकोळ आहे. पण व्हिसा अधिकारी अटक झाली की नाही हे पाहतो. राज्याने गुन्ह्याला काय नाव दिलं आहे, याने त्याला फरक पडत नाही.

कॅनडात २०१८ च्या सुधारणेने या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं केली. त्यामुळे परदेशी नागरिकांच्या कायद्यात हा ‘गंभीर गुन्हेगारी’च्या वर्गात गेला. प्रत्यक्षात फक्त १,००० डॉलर दंड झाला, तरी पीआर (कायम वास्तव्याचा दर्जा) धोक्यात येऊ शकतो. दुसऱ्या देशात झालेली शिक्षाही कॅनडाच्या दाराशी आड येऊ शकते. ब्रिटनमध्ये नागरिकत्व देताना चारित्र्य पाहिलं जातं, आणि हा गुन्हा त्यात मोजला जातो.

अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असेल, तर खरं उत्तर लिहा. प्रकरण मिटलं, वकिलाने नोंद पुसली असं सांगितलं, तरी प्रश्न नीट वाचून, इमिग्रेशन वकिलाला विचारूनच उत्तर द्या. लपवलेली अटक पुढे सापडली, तर मूळ गुन्ह्यापेक्षा खोटं बोलणं महाग पडतं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

नव्या मुलांना सर्वांत जास्त फसवते ती सकाळ. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात, आणि शरीर साधारण तासाला एक युनिट बाहेर टाकतं. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये अडीच युनिट, आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साडेसातच्या वर. रात्री ११ ला क्वार्टर संपवलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी ६ लाही दारू असते. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही ती लवकर उतरत नाही. तोंडाचा वास जातो, एवढंच. रात्री जास्त झाली असेल, तर सकाळची पाळी बसने किंवा ट्रेनने गाठा.

गाडी उभी असली तरी

‘चालवत नव्हतो, गाडीत झोपलो होतो’ हे सांगणं पुष्कळदा निरुपयोगी ठरतं. ब्रिटनमध्ये नशेत गाडीचा ताबा असणं हाच वेगळा गुन्हा आहे: ३ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० पौंडांपर्यंत दंड. किल्ली खिशात ठेवून सीटवर पडलेला माणूस त्यात सापडू शकतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत प्रवासी बसतात त्या भागात उघडी बाटली ठेवायला मनाई आहे. उरलेली बाटली न्यायचीच असेल, तर डिकीत ठेवा. जर्मनीत सायकलवरही हा कायदा लागतो. जपानमध्ये चालकाने घेतली आहे हे माहीत असून ‘मला सोड’ म्हणणाऱ्यालाही शिक्षा होते, आणि तो गाडी चालवणार हे ठाऊक असून त्याला दारू देणाऱ्यालाही.

पोलिसांनी थांबवलं तर

अमेरिकेत गाडीतून खाली उतरू नका. आपल्याकडे उतरून साहेबांपाशी जाणं हा आदर समजतात, तिकडे ती धमकी वाटू शकते. हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा आणि सांगितल्यावरच कागद काढा. पैशांची भाषा काढू नका. ‘काहीतरी बघा ना साहेब’ या एका वाक्याने लाच देऊ केल्याचा दुसरा, अधिक मोठा गुन्हा उभा राहू शकतो.

तपासणी नाकारून सुटका होत नाही. ब्रिटनमध्ये पोलीस ठाण्यात नमुना न देणं हा गाडी चालवण्याइतकाच गुन्हा आहे. कॅनडात नकाराचा किमान दंड २,००० डॉलर, म्हणजे पहिल्या गुन्ह्याच्या दुप्पट. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अटकेनंतरची चाचणी नाकारली की लायसन्स निलंबित होतं.

अटक झाली तर शांत राहा आणि वकील मागा. ब्रिटनच्या पोलीस ठाण्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो. इंग्रजी नीट समजत नसेल, तर लाज न बाळगता दुभाषा मागा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, लवकर मिटावं म्हणून गुन्हा कबूल करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी बोला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘पडिला विरुद्ध केंटकी’ खटल्यात सांगितलं आहे की, गुन्हा कबूल केल्याने हद्दपारीचा धोका असेल तर बचावाच्या वकिलाने परदेशी अशिलाला ते सांगितलंच पाहिजे. तो हक्क वापरा.

मंडळात, मित्रांकडे जाताना

जुन्या कुटुंबांनी लावून घेतलेल्या सवयी साध्या आहेत. पहिला ग्लास भरण्याआधी गाडी कोण चालवणार ते ठरतं, आणि तो त्या रात्री एक थेंबही घेत नाही. यजमान घरात दोन गाद्या जादा ठेवतो. टॅक्सीचे पैसे सगळे मिळून देतात. वयाने मोठा काका असो की ऑफिसातला वरिष्ठ, त्याने घेतली असेल तर धाकट्याने किल्ली मागावी आणि त्याने ती द्यावी. इथे मान राखण्यासाठी गप्प बसणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. नव्या मुलांना बहुधा आग्रहाची भीती वाटते. ‘आज गाडी माझ्याकडे आहे’ एवढं म्हटलं की तिकडे कुणी आग्रह करत नाही.

सुट्टीत गावी आल्यावर

गणपतीला, शिमग्याला किंवा माघ वद्य नवमीला तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीसाठी उमरठला याल, तेव्हा लक्षात ठेवा की इथली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. लंडनला जे कायद्यात बसतं, ते पोलादपूरच्या नाकाबंदीत गुन्हा ठरू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे जागेवर चलन भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. आणि इथे झालेली शिक्षा पुढच्या व्हिसाच्या अर्जात लिहावी लागते.

जीव गेला तर प्रकरण फार पुढे जातं. मुंबईच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली सापडून मेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची ३ वर्षांची शिक्षा कायम ठेवली.

परदेशात वाढलेल्या मुलांना हौसेने मामाची बाइक देऊ नका. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

कशेडी आणि आंबेनळी घाट, मुंबई-गोवा महामार्ग आणि पोलादपूरहून उमरठकडे जाणारा अरुंद रस्ता, या सगळ्याच ठिकाणी समोरून येणारा आपल्याच गावातला कुणीतरी असतो.

कायदे बदलत राहतात. ज्या देशात जाल, तिथल्या परिवहन खात्याचे चालू नियम पहिल्याच आठवड्यात वाचून घ्या. आणि एक नियम सगळीकडे चालतो, तो आजच मनाशी पक्का करा: ज्या दिवशी घेतली, त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवायची. घरच्यांनी तुम्हाला पाठवताना कर्ज काढलं असेल, शेत गहाण टाकलं असेल. त्यांच्या कष्टाची कदर करायची असेल, तर हा नियम एकदाही मोडू नका.