गोठ्याचं गणित : पाचवीच्या क्षेत्रफळासाठी एक पाठ

क्षेत्रफळ शिकवताना आपण फळा, वही, टेबल मोजायला लावतो. मुलं उत्तर काढतात आणि विसरतात. आपल्या हिंगोलीकडच्या खेड्यांत बऱ्याच मुलांच्या दारात जनावरं असतात, मग गोठाच मोजायला द्या ना!

आकडे तयारच आहेत. 2021 साली आलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून पक्का गोठा बांधता येतो. 2 ते 6 गुरांसाठी लांबी 7.70 मीटर, रुंदी 3.50 मीटर. योजना आली तेव्हा यासाठी 77,188 रुपये ठरले होते. गुणाकार मुलांना करू द्या : 26.95 चौरस मीटर. सहा गुरांत वाटले तर एकाला साधारण साडेचार चौरस मीटर. लांबीला सहाने भागलं की एकाच्या वाट्याला रुंदी येते फक्त 1.28 मीटर. तेवढी जागा वर्गात खडूने आखा. मग त्यात म्हैस कशी बसेल हे कुणीतरी पोरगं आडवं होऊन दाखवतंच.

आता दिशा. गोठा एकदा उभा राहिला की फिरवता येत नाही, म्हणून पालकांनी पाया खणण्याआधीच हे बघावं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, तेव्हा छप्पर सावली देतं. खरा त्रास तीन-चार वाजेच्या तिरप्या उन्हाचा. लांब बाजू पश्चिमेला आली तर ते ऊन थेट सगळ्या गुरांच्या अंगावर येतं. आखूड बाजू असली तर कडेचंच जनावर सापडतं, तिथे तुराट्यांचा कूड घातला की झालं. मैदानात काठी रोवून दहा, बारा आणि चार वाजता सावली आखा, मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

नुसते पत्रे टाकू नका. वरून पाचट किंवा गवताचा थर द्या, निदान चुना तरी मारा.

उताराचं गणितही सोपं आहे. 60 ला 1 उतार धरला तर साडेतीन मीटरला जवळपास 6 सेंटिमीटर. यापेक्षा फार जास्त दिला की ओल्या फरशीवर गाभण गाय घसरते, आणि अजिबात नसला तर मूत्र साचून वास डोळ्यांना झोंबतो, खुरं कुजतात. गिलावा गुळगुळीत करणारा गवंडी इथे कामाचा नाही, फरशीवर रेघा ओढून घ्या.

आराखड्यात पिण्याच्या पाण्याची टाकी 200 लिटरची आहे. उन्हाळ्यात एका गुराला दिवसाला 50 लिटर धरा आणि मुलांना विचारा : सहा गुरं असतील तर टाकी दिवसातून किती वेळा भरायची, आणि ते पाणी घरातलं कोण आणतं?