न्हावा-शेवा ते अंबरनाथ: आयात माल सोडवायला खरोखर किती लागतात?

परदेशातून पहिल्यांदा माल मागवणारा उद्योजक दोनच आकडे विचारतो: ड्युटी किती आणि एजंट किती घेणार. हे दोन्ही आधी कळतात, म्हणून त्यांनी कुणाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते मधल्या आकड्यांनी, म्हणजे शिपिंग लाइनच्या, कन्सॉलिडेटरच्या (अनेकांचा माल एकत्र पाठवणाऱ्याच्या) आणि सीएफएसच्या (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाच्या) बिलांनी, आणि वाया गेलेल्या दिवसांनी. उल्हासनगरात झिप, बटणे किंवा मोबाइलचे सुटे सामान आणणारा व्यापारी असो, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत मशिन उतरवणारा कारखानदार असो, की बदलापुरात रसायनाचे ड्रम मागवणारा, तिघांनाही फटका याच जागी बसतो. तो टाळायची वेळ मात्र जहाज निघण्याआधीची असते. माल बंदरात आल्यावर घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

आपल्या भागाचे बंदर म्हणजे उरण तालुक्यातले न्हावा-शेवा, १९८९ साली सुरू झालेले. अंबरनाथहून रस्त्याने साधारण ५०-६० किलोमीटर. इतके जवळ असूनही शेवटच्या बिलाने डोळे पांढरे होतात, याचे पहिले कारण खरेदीच्या कागदावर लिहिलेली तीन अक्षरे.

सीआयएफ स्वस्त दिसते, तिथेच थांबा

विक्रेता दोन भाव देतो. एफओबी म्हणजे माल त्याच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव. पुढचे सागरी भाडे आणि विमा तुमचा. सीआयएफ म्हणजे भाडे आणि विमा धरून न्हावा-शेवापर्यंतचा भाव. दोन्हींत फरक अगदी किरकोळ दिसतो, कधी कधी काहीच दिसत नाही, आणि नवा माणूस ‘डोक्याला ताप नको’ म्हणून सीआयएफ घेतो.

माल थोडा असेल, म्हणजे पूर्ण कंटेनर भरत नसेल, तर तो एलसीएलने येतो: अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये. चीनमधून येणाऱ्या एलसीएलमध्ये तिथला फॉरवर्डर विक्रेत्याकडून भाडे जवळजवळ घेतच नाही. काही वेळा तर दर घनमीटरमागे उलट पैसे परत देतो. हा तोटा तो इथल्या भागीदारामार्फत तुमच्याकडून वसूल करतो. माल आल्यावर डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, त्या भागीदाराच्या हातात असते. तो जे बिल देईल ते भरल्याशिवाय माल सुटत नाही. त्या बिलात डीओ फी, टर्मिनल हँडलिंग, डीस्टफिंग, डॉक्युमेंटेशन, करन्सी अॅडजस्टमेंट अशी ओळीमागून ओळ असते आणि वर १८ टक्के जीएसटी. त्या भागीदाराला तुम्ही नेमलेले नसते, म्हणून तुमच्यापुढे भाव कमी करायची त्याला गरजच नसते.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: छोटा माल असेल तर एफओबीच घ्या आणि फॉरवर्डर आपला नेमा. त्याच्याकडून दोन्ही बाजूंचे आकडे लेखी मागा: तिकडचे भाडे, आणि इकडचे न्हावा-शेवाचे सगळे चार्जेस, प्रति घनमीटर आणि प्रति बिल वेगवेगळे. ‘अॅज पर अॅक्च्युअल’ असे लिहिलेली ओळ दिसली की तिथे कमाल आकडा टाकायला लावा. विक्रेता सीआयएफवरच अडून बसला, तर ऑर्डर पक्की करण्याआधी इथल्या भागीदाराचे नाव आणि त्याचे दरपत्रक मागा. ते मिळत नसेल तर ऑर्डर थांबवा.

एलसीएलचा हिशोब एक घनमीटर किंवा एक टन, यांतले जे जास्त भरेल त्यावर होतो. तीन घनमीटरचे हलके खोके असतील तर तीनचे पैसे. एका घनमीटरात १.४ टन पितळी सुटे भाग असतील तर १.४ चे. माल १२ ते १५ घनमीटरच्या पुढे गेला की पूर्ण वीस फुटी कंटेनरचा भावही मागून पाहा. त्यात प्रत्यक्षात २६-२८ घनमीटर माल मावतो, आणि बऱ्याचदा तो एलसीएलपेक्षा स्वस्त पडतो.

ड्युटीचा हिशोब

समजा, मशिनची सीआयएफ किंमत १० लाख रुपये आहे, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. मूळ शुल्क झाले ७५,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ७,५००. आता एकूण १०,८२,५०० रुपयांवर आयजीएसटी लागतो: १,९४,८५०. भरायचे एकूण २,७७,३५०. यातला आयजीएसटी जीएसटी नोंदणी असलेल्याला क्रेडिट म्हणून मिळतो, त्यामुळे खरा खर्च ८२,५०० चा. पण माल सोडवायच्या दिवशी पावणेतीन लाख हाताशी लागतात, आणि भांडवलाची ओढाताण तिथेच होते. डॉलरचा दरही बँकेचा धरायचा नाही. सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला, बिल ऑफ एंट्री (आयातीचे सीमाशुल्क घोषणापत्र) भरायच्या दिवशी लागू असलेला दर धरतात.

एफओबी घेताना भाड्याचे बिल जपून ठेवा. भाडे किती हे कागदावर दाखवता आले नाही, तर २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे म्हणून आणि १.१२५ टक्के विमा म्हणून धरतात. दहा लाखांच्या मालाचे खरे भाडे ४० हजार असेल आणि बिलच नसेल, तर दोन लाख धरले जातील आणि त्या दोन लाखांवर शुल्क बसेल.

महाराष्ट्रात डिलिव्हरी ऑर्डरवर मुद्रांक शुल्क लागते, दर हजारी एक रुपया. रक्कम छोटी आहे, पण एजंटच्या बिलात ती किती दाखवली आहे ते ताडून बघा.

सगळे टक्के एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या सीमाशुल्क वर्गीकरणाच्या क्रमांकावर, ठरतात. हा कोड विक्रेत्याच्या इनव्हॉइसवरून जसाच्या तसा उचलू नका. मालाचे कॅटलॉग, रसायन असेल तर सीएएस नंबर आणि वापर, एवढे एजंटला देऊन कोड आधी ठरवा. रसायनवाल्यांनी आणखी एक पाहावे: त्या मालावर त्या देशासाठी अँटी-डंपिंग ड्युटी आहे का. ती असेल तर वरचा सगळा हिशोब मोडतो. माल आसियान देशांसारख्या करार असलेल्या देशातून येत असेल, तर मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर शुल्क कमी होते. मात्र २१ सप्टेंबर २०२० पासून नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. माल तिथे कसा तयार झाला याची माहिती आयातदाराकडे असावी लागते. ती विक्रेत्याकडून आधीच घ्या.

नोंदणीचा खर्च नगण्य. आयईसी (आयात-निर्यात कोड) ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो फुकट अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. बँकेचा एडी (अधिकृत विक्रेता) कोड आइसगेट या सीमाशुल्क पोर्टलवर नोंदवून घ्या. मालाला बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्र लागते का हे ऑर्डरच्या आधी बघा. उदाहरणार्थ खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि तो परवाना परदेशी कारखान्याकडे असावा लागतो, तुमच्याकडे असून चालत नाही. जुने मशिन आणत असाल तर चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. लाकडी पेटी किंवा पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडावरच्या कीडनाशक प्रक्रियेचा) शिक्का हवा. फोटो पाठवायला सांगा, तोही जहाज निघण्याआधी.

दिवस म्हणजे पैसा

बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते, तो दिवस सुट्टीचा असला तरी. श्रीलंका, बांगलादेश अशा काही शेजारी देशांतून येणाऱ्या मालाला जहाज येण्याच्या दिवसापर्यंत मुभा आहे. उशिराचा दंड पहिल्या तीन दिवसांसाठी रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. पाच दिवस उशीर झाला की ३५,००० गेले, आणि एवढी तर एजंटची फीही नसते. सबळ कारण दाखवले तर हा दंड माफ करायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, म्हणून विक्रेत्याच्या चुकीचे ईमेल जपून ठेवा. शुल्क भरायला उशीर झाला तर त्यावर १५ टक्के व्याज वेगळे.

ऑक्टोबर २०२० च्या अखेरीपासून देशभर मूल्यनिर्धारण फेसलेस झाले आहे. तुमची एंट्री न्हावा-शेवाची असली तरी तपासणारा अधिकारी चेन्नईत किंवा कोलकात्यात बसलेला असू शकतो. शंका आली की क्वेरी येते, आणि उत्तर जाईपर्यंत घड्याळ चालूच राहते. त्या अधिकाऱ्याला तुमचा माल डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून कॅटलॉग, फोटो आणि वापराची दोन ओळींची टीप पहिल्या दिवशीच ई-संचितवर (सीमाशुल्काच्या ऑनलाइन कागदप्रणालीवर) चढवायला सांगा.

दोन वेगळी मीटर इथे एकाच वेळी फिरतात आणि लोक ती एकच समजतात. कंटेनर रिकामा करून परत द्यायला उशीर झाला की शिपिंग लाइन डिटेन्शन लावते, आणि ते दिवसागणिक चढत जाते. माल सीएफएसमध्ये पडून राहिला की सीएफएस ग्राउंड रेंट लावते. पूर्ण कंटेनर असेल तर बुकिंगच्या वेळीच १४ फ्री दिवस मागा आणि ते बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या मालपावतीवर) छापून घ्या. फोनवरच्या शब्दाला इथे किंमत नाही. आगाऊ बिल ऑफ एंट्री भरलेली असेल आणि तपासणी लागली नसेल, तर डीपीडीने (डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीने) कंटेनर थेट टर्मिनलवरून निघतो आणि सीएफएसचा खर्च वाचतो. एजंटला डीपीडीबद्दल तुम्हीच विचारा.

सीमाशुल्क खात्याने माल अडवून ठेवला असेल, तर त्या काळाचे भाडे कस्टोडियनने, म्हणजे माल ताब्यात ठेवणाऱ्याने, घेऊ नये असे २००९ च्या नियमांत आहे. हे पैसे आपोआप माफ होत नाहीत. खात्याकडून तसे पत्र घेऊन ते सीएफएस आणि लाइनकडे लेखी द्यावे लागते. अनेक आयातदार हा हक्क न मागताच पैसे भरून मोकळे होतात, याचे मला वाईट वाटते. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर तो लिलावात निघू शकतो, हेही लक्षात असू द्या.

विमा

सीआयएफमध्ये विक्रेत्यावर किमान विम्याचीच जबाबदारी असते, ज्याला ‘क’ (सी) वर्गाची कलमे म्हणतात. चोरी किंवा पावसाचे पाणी त्यात येत नाही. एफओबी घ्यायचे हे दुसरे कारण. आपण ‘अ’ (ए) वर्गाची पॉलिसी घ्यावी, मालाच्या किमतीच्या ११० टक्क्यांची, आणि बंदरापर्यंत न थांबता कारखान्याच्या दारापर्यंतची.

जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावा-शेवाकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ या जहाजाला केरळच्या किनाऱ्यापाशी आग लागली. अशा प्रसंगी जहाजमालक जनरल अॅव्हरेज जाहीर करू शकतो: जहाज आणि माल वाचवायचा खर्च सगळ्या मालधारकांत वाटला जातो. तुमचा माल धडधाकट असला तरी हमी दिल्याशिवाय मिळत नाही. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख अनामत तुम्ही.

माल गोदामात उतरला की सागरी विमा संपतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, ते पाणी या पट्ट्यात कुणी विसरलेले नाही. गोदामाच्या पॉलिसीत पूर आहे का, ते जूनच्या आधी वाचा.

शेवटचे साठ किलोमीटर

ट्रेलर कळंबोली, तळोजा, खोणीमार्गे नेवाळीकडे येतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत चाळीस फुटी गाडी आत जाऊ शकते. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्यांत ती वळतसुद्धा नाही, म्हणून तिथल्या पार्टीने माल सीएफएसमध्येच रिकामा करून आयशर किंवा टेम्पोने आणावा. भाडे ठरवताना तीन गोष्टी एकत्र ठरवा: गाडी थांबली तर हॉल्टिंग किती, रिकामा कंटेनर कोणत्या यार्डात परत करायचा आणि त्याचे कोण भरणार, आणि उतरवायची वाराई कोणाकडे. अवजड वाहनांना दिवसा बंदी असलेले तास वाहतूकदाराकडून आधी समजून घ्या, नाहीतर गाडी नाक्यावर उभी राहते आणि हॉल्टिंग तुमच्या नावावर चढते. ई-वे बिल तयार असल्याशिवाय गाडी हलवू नका.

एजंट

कस्टम्स ब्रोकरकडे २०१८ च्या नियमावलीखालचा परवाना असतो. परवाना कोणाच्या नावावर आहे ते विचारा; ‘आमची ओळख आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. त्याची फी सहसा काही हजारांत असते, म्हणून हजार-पाचशे वाचवायला एजंट बदलू नका. त्याऐवजी सगळ्या तिसऱ्या पक्षाच्या पावत्या मूळ रूपात देईन, असे त्याच्याकडून लेखी घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत.

कुणी इनव्हॉइस कमी रकमेचे करायला सुचवले तर त्याच क्षणी नाही म्हणा. त्याच मालाच्या आधीच्या आयातीचे भाव खात्याच्या संगणकात असतात. मुद्दाम दडवलेल्या प्रकरणात पाच वर्षे मागे जाऊन नोटीस येते, बुडवलेल्या शुल्काइतकाच दंड बसू शकतो आणि माल जप्तही होतो. नोटीस आयातदाराच्या नावाने येते.

माल दारात आल्यावर एक काम उरते. ज्या बँकेतून परदेशी पैसे पाठवले, तिला बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक देऊन आयडीपीएमएसमधली (आयातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीतली) नोंद बंद करून घ्या. ती उघडी राहिली तर पुढच्या खेपेचे पैसे पाठवताना बँक अडवते. सगळे कागद पाच वर्षे एका फाइलमध्ये ठेवा, ईमेलसकट.