या पुस्तकाचं पहिलं पान कोणतं?

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. आमच्या फिजिक्सच्या सरांनी 'हायपरफिजिक्स' हे इंटरनेटवरचं पुस्तक वाचायला सांगितलं. उघडलं तर पहिलं पानच सापडेना. नुसत्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. एका शब्दावर क्लिक केलं की दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. आकाश निळं का, हे बघायला गेलो आणि अर्ध्या तासाने डोळ्यातल्या पेशींबद्दल वाचत बसलो होतो. असं पुस्तक वाचायचं कसं? आणि सरळ एकामागून एक धडे का देत नाहीत?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : पहिलं पान सापडलं नाही, कारण ते नाहीच. तुम्ही पाहिलात तो विषयाचा नकाशा. यांत्रिकी, उष्णता, वीज-चुंबकत्व, प्रकाश असे विभाग त्यात मांडलेले आहेत आणि कुठूनही आत शिरायला मुभा आहे. अमेरिकेत अटलांटा इथल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉड नेव्ह यांनी हे पुस्तक रचलं, ते मुळात कार्डांच्या रूपात. अ‍ॅपल कंपनीने १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी हायपरकार्ड नावाचं सॉफ्टवेअर आणलं होतं. एका कार्डावर एक मुद्दा लिहायचा आणि त्यातल्या शब्दाला दुसरं कार्ड जोडायचं, अशी त्याची पद्धत. पुढे पुस्तक इंटरनेटवर आलं, तरी कार्डांची ती ठेवण तशीच राहिली. आजच्या चकाचक साइटींपुढे ते जुनाट दिसतं खरं, पण त्यावर जाऊ नका.

ही ठेवण ध्यानात घेतली की बरेच घोळ मिटतात. समजा तुम्ही एक पान वाचताय. खाली एक पट्टी येते, तिच्यात विभागाचं नाव असतं आणि 'गो बॅक' लिहिलेलं असतं. विद्यार्थ्यांना वाटतं, पान संपलं. ते संपलेलं नसतं. एकाच लांबलचक पानावर पुष्कळदा तीन-चार कार्डं एकाखाली एक लावलेली असतात, आणि ती पट्टी फक्त एका कार्डाची हद्द दाखवते. म्हणून थोडं खाली सरकून पाहावं. मात्र खालचं कार्ड म्हणजे वरच्याचा पुढचा परिच्छेद, असंही धरून चालू नये. 'गो बॅक' तुम्हाला आधी जिथे होतात तिथे नेतं, वरच्या विषयाकडे नव्हे. गूगलवरून थेट आत उतरला असाल, तर ते पुन्हा गूगलवरच सोडेल. वरच्या विषयाकडे जायचं असेल तर कार्डाच्या उजव्या कडेचा उभा रकाना पाहा. तिथे सूची असते आणि त्या विभागाच्या संकल्पना-नकाशाची लिंक असते. वाट चुकल्यासारखं वाटलं की ती दाबायची.

आणखी एक खूण ब्राउझरच्या वरच्या पट्टीत असते. पानाच्या पत्त्यात विभागाचं नाव येतं. आकाशाच्या निळेपणाच्या पानावर असताना तिथे 'अ‍ॅटमॉस', म्हणजे वातावरण, हा शब्द दिसतो. डोळ्यातल्या पेशींच्या पानावर 'व्हिजन'. तुम्ही वातावरणातून दृष्टीत कधी शिरलात, ते पत्त्याने तुम्हाला सांगितलं होतं.

आता तुमचाच प्रश्न घेऊ. निळ्या आकाशाच्या पानावर मुख्य गोष्ट एकच आहे. हवेतले रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात, आणि अशा कणांवरून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. याला रॅले विकिरण म्हणतात. ७०० नॅनोमीटरचा लाल आणि ४०० नॅनोमीटरचा जांभळ्याकडे झुकणारा प्रकाश घ्या. ७०० भागिले ४०० म्हणजे १.७५, त्याचा चौथा घात सुमारे ९.४. म्हणजे दोन्ही प्रकाश सारख्याच तीव्रतेने आले, तर ४०० वाला ९.४ पट जास्त विखुरतो. हे गणित वहीत स्वतः करा, पडद्यावर नुसतं बघून पुढे जाऊ नका.

या पानावरून निघणाऱ्या वाटा सारख्या नाहीत, आणि वाचायची सगळी मेख तिथेच आहे. तरंगलांबी म्हणजे काय हे पक्कं नसेल, तर त्या कार्डाकडे जाणं भाग आहे, कारण त्यावाचून वरचं वाक्य कळणारच नाही. हा खाली, पायाकडे उतरणारा रस्ता. ढग पांढरे का, याचं उत्तर 'मी' (Mie) विकिरणात आहे. ढगातले थेंब मोठे, त्यामुळे तिथे रंगांत फारसा भेदभाव होत नाही. हा आडवा रस्ता. छान आहे, पण मूळ मुद्दा त्यावाचून अडत नाही. मग मनात येतं, जांभळा तर निळ्याहून जास्त विखुरतो, तरी आकाश जांभळं का दिसत नाही? याच्या उत्तराचा एक भाग आपल्या डोळ्यांच्या संवेदनशीलतेत आहे, आणि बहुधा तिथूनच तुम्ही त्या पेशींपर्यंत पोचलात. प्रश्न उत्तम होता, वेळ चुकली. पहिल्या वाचनात फक्त खाली उतरणाऱ्या लिंका घ्याव्यात, तेही अडलं तरच. आडव्या लिंका वहीच्या समासात टिपून ठेवाव्यात आणि मुद्दा हाती आल्यावर उघडाव्यात.

एवढी शिस्त का लागते? मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'पहा' असं लिहून दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली असतात. छापील विश्वकोशात त्या नोंदीसाठी उठून दुसरा खंड काढावा लागे. तो कंटाळाच चाळणीचं काम करायचा. खरंच हवं असेल तरच माणूस उठायचा. पडद्यावर उठण्याचे कष्ट नाहीत, म्हणून आपण न ठरवताच क्लिक करतो. माझा उपाय साधा आहे : क्लिक करण्याआधी, तिथे काय शोधायला चाललो आहोत ते वहीत एका ओळीत लिहायचं. ओळ सुचली नाही, तर जायचं नाही.

ब्राउझरच्या बॅक बटणावर फार विसंबू नका. अ पानावरून ब, तिथून क असे गेलात, बॅक करत पुन्हा अ वर आलात आणि तिथून ड उघडलंत, तर बॅकच्या यादीतून ब आणि क गळून पडतात. 'मघाशी पाहिलेलं पान गेलं कुठे?' याचं कारण हे. हिस्टरीत ती पानं असतात, पण शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा कंट्रोल दाबून लिंकवर क्लिक करा. नवं पान वेगळ्या टॅबमध्ये उघडतं आणि मूळ पान जागचं हलत नाही. गंमत अशी की १९४५ साली, वेब जन्माला यायच्या कितीतरी आधी, व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने एका लेखात असं यंत्र कल्पिलं होतं, की वाचकाने एका मजकुरावरून दुसऱ्यावर केलेला प्रवास त्यात कायमचा राहील आणि दुसऱ्याला देताही येईल. क्लिक करणं आपल्याला मिळालं. वाट जपण्याचं काम अजून बरंचसं वहीवरच आहे.

काही कार्डांवर आकडे भरायच्या चौकटी असतात. त्यांचा आधी अंदाज तपासायला उपयोग करा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, वारंवारता ४४० हर्ट्झ, तर तरंगलांबी किती? पाऊण मीटरच्या आसपास, असं मनाशी म्हणा आणि मगच आकडे भरा.

राहिला क्रमाचा प्रश्न. निळ्या आकाशाला लाटा, रेणू आणि डोळा एकदम लागतात. यातलं आधी कुठलं, हे छापील पुस्तकाला ठरवावंच लागतं, नेव्ह यांनी ते वाचकावर सोडलं. हे ज्याला विषय थोडाफार येतो त्याच्या सोयीचं आहे, नवख्याच्या नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय कार्डं आटोपशीर असल्यामुळे सूत्राची सिद्धता पुष्कळदा तिथे मिळत नाही. तेव्हा धडा आधी बालभारतीच्या पुस्तकातून वाचा आणि अडलेली एखादी जागा घेऊन हायपरफिजिक्सकडे जा. पडद्यावर वाचूनही धडे ओळीनेच हवे असतील, तर अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं 'कॉलेज फिजिक्स' २०१२ पासून फुकट उपलब्ध आहे. त्याला अनुक्रमणिका आहे, आणि पहिलं पानही.