लहानग्यांना ख्रिस्तप्रसाद कसा समजवाल?

पालकहो, पोप संत पायस दहावे ह्यांच्या काळात, ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या आदेशाने साधारण सात वर्षांच्या बालकांनाही ख्रिस्तप्रसाद खुला झाला. त्यासाठी फार मोठे धर्मज्ञान लागत नाही. रोजची भाकर वेगळी आणि ख्रिस्तप्रसाद वेगळा, एवढे मुलाला कळले पाहिजे. म्हणून 'ही येशूची आठवण' एवढ्यावर थांबू नका. 'हा प्रभू येशू स्वतः आहे' असे सांगा.

'चावले तर येशूला दुखेल का?' असे एखादे मूल विचारील. हसू नका, प्रश्न चांगला आहे! येशू मरणातून उठला आहे, आता त्याला दुखत नाही, असे सांगा.

पांढऱ्या कपड्यांची खरेदी (ती कोण विसरतो?) नंतर होईल. आधी एक तासाचा उपवास शिकवा, पाणी चालते. आणि 'ख्रिस्ताचे शरीर' ऐकल्यावर 'आमेन' मोठ्याने म्हणायला सांगा.