मिनिटाला दहा बाण, तरी बंदूकच का?

प्रश्न : जुन्या ठासणीच्या बंदुकीतून मिनिटाला जेमतेम एक-दोन गोळ्या सुटत, तर कसलेला तिरंदाज तेवढ्या वेळात आठ-दहा बाण सोडी, असं वाचनात आलं. शिवाय बंदुकीचा नेम धड नसे आणि पावसात ती पेटत नसे. असं असताना जगभरच्या फौजांनी धनुष्य टाकून बंदूक का उचलली? नुसत्या बाराच्या आवाजाला लोक घाबरत, म्हणून?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे आकडे बरोबर आहेत आणि शंकाही रास्त आहे. तुमच्याआधी ती मोठमोठ्यांना पडलेली आहे. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना, १७७६ च्या फेब्रुवारीत, बेंजामिन फ्रँकलिननं जनरल चार्ल्स ली याला पत्र लिहून आपल्या शिपायांना धनुष्यबाण द्यावेत असं सुचवलं होतं. एक गोळी झाडून पुन्हा भरेपर्यंत चार बाण सुटतात, धुरानं पुढचं दिसेनासं होत नाही, अंगावर येणारे बाण दिसले की शत्रू बिचकतो, ही त्याची कारणं. त्याच्या शंभरेक वर्षं आधी हिंदुस्थानात आलेल्या बर्नियर या फ्रेंच प्रवाशानंही लिहून ठेवलं आहे, की बंदूकवाल्याच्या दोन गोळ्या सुटायच्या आत मुघल स्वार सहा बाण सोडतो. इतकं सगळं दिसत असून फ्रँकलिनचं कुणी ऐकलं नाही, ते का?

आधी आवाजाचा समज बाजूला काढू. बाराला घोडी बुजतात हे खरं, पण काही दिवस त्यांच्याजवळ बार काढत राहिलं की सरावतात. माणसंही सरावतात. नुसत्या भीतीवर चालणारं हत्यार दोन-चार मोहिमा टिकेल, तीनशे वर्षं टिकणार नाही.

आता हत्याराची ताकद पाहू. इंग्लंडच्या लांब धनुष्याचा जड बाण ७० ते १०० ग्रॅमचा असे आणि दोरीवरून सुटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर असे. बंदुकीची शिशाची गोळी ३० ग्रॅमच्या आसपास. ऑस्ट्रियात ग्राझ इथं जुन्या बंदुकांनी भरलेलं एक शस्त्रागार आहे. तिथल्या सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या अस्सल बंदुका १९८८-८९ मध्ये डागून पाहिल्या, तेव्हा लांब नळीच्या बंदुकांच्या गोळ्यांचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे भरला. आघाताचा जोर वजन दुप्पट झालं तर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट झाला तर चौपट होतो. इथं वेगच आठपट आहे. म्हणून गोळी बाणाच्या निम्म्याहून हलकी असली, तरी नळीतून बाहेर पडताना तिच्यात बाणाच्या वीसेक पट जोर असतो. गोल आकारामुळे तो पुढे झपाट्यानं ओसरतो, पण जवळच्या अंतरावर फरक मोठाच राहतो.

सिनेमात बाण पोलादी चिलखतातून आरपार जाताना दिसतो. प्रत्यक्षात छातीवरच्या चांगल्या पोलादी पत्र्याला तो बहुधा भेदत नसे. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंच सरदारांचा धुव्वा उडवला, त्यात बाणांनी बिथरलेली घोडी, चिलखताचे सांधे आणि गुडघाभर चिखल यांचा वाटा फार मोठा होता. बंदूक आली आणि पत्रा जाड करावा लागला. चिलखत घडवणारा कारागीर स्वतःच त्यावर गोळी झाडून पाही आणि पडलेला पोचा तसाच ठेवी. गिऱ्हाइकाला तीच खात्री. असे पोचे पडलेली चिलखतं युरोपातल्या संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात.

पण उघड्या अंगाच्या शिपायाला मारायला बाण पुरेसा होता. मग जिथं पोलादी पत्र्याचं चिलखत फारसं नव्हतं, त्या देशांनीही बंदूक का घेतली? इथं मला वाटतं आपली मोजणीच चुकते. आपण धनुष्याची तुलना बंदुकीशी करतो. ते धनुष्य ओढणारा माणूस किती वर्षांत तयार होतो, हे मोजतच नाही.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त धनुष्यं आणि हजारो बाण सापडले. ही धनुष्यं पूर्ण ओढायला सुमारे ४५ ते ८० किलो जोर लागे, असा अंदाज निघाला. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, हे डोळ्यांपुढे आणा आणि तेवढा जोर मिनिटाला दहा वेळा लावायचा अशी कल्पना करा. त्या जहाजावरच्या काही सांगाड्यांच्या खांद्याच्या हाडांत वेगळेपण दिसलं. लहान वयापासून धनुष्य ओढल्यानं ते झालं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. असा खांदा सहा महिन्यांच्या कवायतीत घडत नाही. म्हणून तर १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डनं हुकूम काढला होता, की धडधाकट पुरुषांनी सणासुदीला तिरंदाजीच करावी, चेंडूफळीसारखे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी बंद. म्हणजे एक चांगला तिरंदाज मिळवायला सगळा गाव पिढ्यान्‌पिढ्या राबवावा लागे. बंदूक भरणं, ठासणं आणि झाडणं शेतकऱ्याचा पोरगा काही आठवड्यांत शिके.

यातून आणखी एक फरक पडतो. मोहीम लांबली, धान्य संपलं, छावणीत हगवण लागली, की तिरंदाजाच्या दंडातला जोर जातो आणि त्याचा बाणही निम्म्या अंतरावर पडतो. गोळीचा जोर मात्र दारूतून येतो. झाडणारा तीन दिवसांचा उपाशी असला, तरी गोळीला ते कळत नाही. शिवाय मिनिटाला दहा बाण हा वेग टिकतो किती वेळ? इंग्रज तिरंदाजाच्या जुडीत २४ बाण असत. म्हणजे अडीच मिनिटांत खेळ संपला. चोवीस गोळ्या एका ओंजळीत मावतात आणि वर जागा उरते. सरळ वाढलेलं लाकूड, पिसं, पोलादी फळ असं सगळं जमवून एकेक बाण हातानं करावा लागे. शिसं वितळवून साच्यात ओतलं की गोळ्या तयार.

१५७१ च्या लेपांटोच्या लढाईचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्या एका दिवसात तुर्कांचं जवळजवळ सगळं आरमार गेलं. एका हिवाळ्यात त्यांनी नवी गलबतं बांधून ती पाण्यात सोडली आणि जग चकित झालं. पण जहाजांबरोबर बुडालेले मुरलेले तिरंदाज काही बांधून काढता आले नाहीत. गिलमार्टिन या इतिहासकाराच्या मते तुर्कांचं खरं न भरून आलेलं नुकसान ते होतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी इथं एक खुलासा करायला हवा. बखरींत आणि पेशवाईच्या कागदांत फौजेबरोबर ‘बाण’ असल्याचे उल्लेख वारंवार येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, अठराव्या शतकातही मराठे तिरंदाजीवर विसंबून होते. त्यातले बरेचसे बाण म्हणजे दारू ठासलेले अग्निबाण, आजच्या भाषेत रॉकेट. ते डागणारा तो बाणदार. मराठी स्वाराची भिस्त मुख्यतः भाल्यावर आणि तलवारीवर होती. १७६१ ला पानिपतावर तर इब्राहिमखान गारद्याची कवायती बंदूकधारी पलटण एका बाजूला होती आणि अब्दालीचे उंटांवरचे जंबुरे, म्हणजे छोट्या तोफा, दुसऱ्या बाजूला.

आता तुमच्या प्रश्नाची खरी परीक्षा जिथं झाली, त्या कोरियाकडे जाऊ. कोरियन लोक पिढीजात तिरंदाज. त्यांचं छोटं, वळणदार धनुष्य शिंग, लाकूड आणि तात सरसानं जोडून केलेलं असे. त्यासाठी म्हशीचं शिंग परदेशातून आणावं लागे आणि दमट हवेत सरस ढिला पडे. शेजारच्या जपानातही सामुराईंचा मान मुळात तलवारीपेक्षा धनुष्याचा होता. आपल्या जीवनक्रमाला ते ‘धनुष्य आणि घोडा यांचा मार्ग’ म्हणत. पण १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरलेल्या पोर्तुगीजांकडून तिथल्या सरदारानं तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं बार पेटवणाऱ्या, बंदुका विकत घेतल्या. जपानी लोहारांनी त्यांची हुबेहूब नक्कल केली आणि काही दशकांत साध्या पायदळ शिपायांच्या हाती हजारो बंदुका आल्या.

१५९२ मध्ये हे जपानी सैन्य कोरियात उतरलं आणि तीन आठवड्यांत राजधानी सोलपर्यंत पोचलं. वाटेत चुंगजूजवळ सिन रिप हा नामांकित कोरियन सेनापती आपल्या तिरंदाज घोडदळासह नदीकडे पाठ करून उभा राहिला. चिखलात घोडी अडखळली, समोरून बंदुका चालल्या आणि ती सगळी फौज तिथंच संपली. बाण सोडणाऱ्यांचे हात वेगवान होते, पण त्याचा उपयोग झाला नाही.

याचं सगळं श्रेय बंदुकीला देणं मात्र चूक ठरेल. जपानी फौज शंभर वर्षांच्या यादवीत तावून निघालेली होती, तर कोरियानं दोनशे वर्षं मोठं युद्ध पाहिलेलं नव्हतं. समुद्रावर तर उलटंच घडलं. यी सुन-सिन या कोरियन सेनापतीनं जहाजांवरच्या तोफांनी जपानी आरमाराची दाणादाण उडवली, कारण जपान्यांकडे बंदुका होत्या, पण जहाजांवर तशा तोफा नव्हत्या. पुढे चीनची मदत आली आणि युद्ध सात वर्षं रेंगाळलं. तरी पहिल्या महिन्याचा धडा कोरियानं लगेच घेतला. लढाई चालू असतानाच राजधानीत नवं प्रशिक्षण केंद्र उघडून शिपायांना बंदूक शिकवायला सुरुवात झाली.

पावसाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. भिजला तोडा पेटत नाही हे खरंच. पण ओली दोरी आणि दमट सरस यांनी धनुष्यही निकामी होतं. धनुष्याला बंदुकीपुढे खरा आसरा मिळाला तो घोड्याच्या पाठीवर. दौडत्या घोड्यावर दारू मोजून ओतणं, गोळी ठासणं आणि जळता तोडा सांभाळणं फार अवघड. म्हणून बर्नियरला मुघलांचे स्वार धनुष्य बाळगताना दिसले. याच कारणानं मध्य आशियातही ते टिकलं. चीनच्या लष्करी परीक्षेत तर तिरंदाजी १९०१ पर्यंत होती, त्या परीक्षाच तेव्हा बंद झाल्या.

त्या चीनवर सतराव्या शतकात मांचूंचं राज्य आलं. मांचू म्हणजे घोड्यावरून बाण मारण्याचा अभिमान बाळगणारे लोक. उत्तरेला आमूर नदीवर रशियन बंदूकवाले उतरले, तेव्हा त्यांच्यावर नुसत्या बाणांनी भागेना. मांचूंनी कोरियाकडे मदत मागितली. १६५४ मध्ये शंभर आणि १६५८ मध्ये दोनशे कोरियन निशाणबाज तिकडे रवाना झाले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी चुंगजूला ज्यांची तिरंदाज फौज संपली होती, त्या कोरियानं पाठवलेल्या या माणसांच्या खांद्यावर बंदुका होत्या.