घर बांधण्यापूर्वी पाण्याचा हिशेब

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ बहुधा खर्चापुरताच घेतला जातो. घर म्हटले की विटा किती, सिमेंट किती, लोखंड किती, गवंड्याची मजुरी किती, याचीच चर्चा होते. आमच्या घरी सध्या दोन खोल्या बांधण्याचे चालले आहे. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून कागद जमवणे आणि याद्या करणे माझ्याकडे आले. ते करताना ध्यानात आले की गवंड्याच्या अंदाजात एक बाब कोठेच नसते. ती म्हणजे पाणी. शहापूर-मुरबाडकडे घराचा विचार पाण्यापासूनच सुरू व्हावा, असे माझे मत झाले आहे.

प्रथम जागेचा विचार करू. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जागा आषाढात ओहोळाची वाट निघू शकते. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी ती एका पावसाळ्यात पाहावी. पाणी कोठून येते, कोठे साचते, किती दिवसांनी ओसरते, याच्या खुणा करून ठेवाव्यात. भाताच्या खाचरात पाणी थांबावे म्हणूनच बांध घातलेला असतो. तेथे घर बांधणे म्हणजे पाण्याशी कायमचे भांडण. वरकस जमिनीवर, जेथे थोडे खणताच मुरूम लागतो, तेथे पाया पक्का बसतो व खर्चही कमी येतो. जोते किती उंच घ्यायचे हे पावसातल्या खुणांवरून ठरवावे. पश्चिमेकडून झड येते, म्हणून त्या बाजूला पडवी काढावी, निदान वळचण तरी लांब ठेवावी.

जागेबरोबरच कागद पाहावेत. शेतजमीन असेल तर सातबारा, त्यावरील सर्व हिस्सेदारांची नावे व हद्दीची मोजणी तपासावी. शेतजमिनीवर घरासाठी कोणती परवानगी लागते, ते तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे. गावठाणातल्या घराच्या जागेसाठी ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा आणि मालमत्ता पत्रक पाहावे. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून अशी पत्रके देणारी 'स्वामित्व' योजना २०२० साली सुरू झाली. आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. धरण आणि कालवा यांसाठी पूर्वी संपादन झालेल्या हद्दीत तर आपली जागा येत नाही ना?

आता बांधकामाच्या पाण्याकडे वळू. सिमेंट वाळून घट्ट होते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. पाणी लवकर उडून गेले तर ही क्रिया अपुरी राहते व काँक्रीट कच्चे राहते, भेगाळते. म्हणून साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटचे किमान दहा दिवस सतत ओले ठेवावे लागते. उन्हाळ्यात याहून अधिक दिवस ठेवलेले बरे.

हे पाणी किती होते? २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आणि सपाट प्रदेशासाठी अनुदान १ लाख २० हजार रुपये ठरले. तेवढ्याच स्लॅबवर आळी करून पाच सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर १२५० लीटर लागते. पंधरा लीटरचा हंडा धरला तर ८३ हंडे झाले. ही झाली एकदाच भरण्याची गोष्ट. उडून जाणारे पाणी रोज भरावे लागते, भिंती भिजवाव्या लागतात, गिलाव्याला लागते ते वेगळेच. हे हंडे कोण आणते, हे सांगायला नको. गवंड्याला मजुरी मिळते, बिगाऱ्याला मिळते. घरातल्या बाईच्या डोक्यावरून आलेले पाणी मात्र कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा भाग भातसा देते. तानसा तलाव तर १८९२ पासून त्या शहराला पाणी पुरवीत आहे. परंतु याच शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांच्या विहिरी चैत्र-वैशाखात तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. आणि घरे बांधली जातात तीही बहुधा याच दिवसांत! त्यामुळे कामाचे वेळापत्रक मृगापासून उलटे मोजत यावे. भाताची झोडणी झाली की माणसे मोकळी होतात, विहिरीही भरलेल्या असतात. दिवाळीनंतर लगेच पाया खणून काळ्या दगडाचे जोते बांधून घ्यावे. वीटभट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात; नव्या विटा येऊ लागल्या की भिंती उचलाव्यात. स्लॅब घालायचाच असेल तर होळीपूर्वी घालावा. दारे-खिडक्या, फरशी ही कमी पाण्याची कामे उन्हाळ्यासाठी ठेवावीत. घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे, पाहणी व फोटो झाल्यावर मिळतात. हप्त्याला उशीर झाला तर स्लॅब नेमका टंचाईत सापडतो. म्हणून स्लॅबच्या सामानापुरते पैसे आधीच बाजूला असावेत.

छपराचा निर्णयही या हिशेबात धरावा. कौलांना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी हात लावावा लागतो, वानरांचा उपद्रव असतो, हे खरे. परंतु कौलारू छपराला भिजवणीचे पाणी लागत नाही आणि घर उन्हाळ्यात कमी तापते. आपल्या वाडवडिलांचे कारवीचे कूड, माती-शेणाचा लेप आणि उतरते छप्पर ही गरिबीची लाज मानण्याची गोष्ट नाही. जवळ मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधावे, हा गांधीजींचा आग्रह होता. १९३६ पासूनच्या सेवाग्रामच्या कुट्या त्याची साक्ष देतात. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी हाच विचार पुढे नेला. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची त्यांनी रूढ केलेली पद्धत विटांचा सुमारे चौथा हिस्सा वाचवते.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगितले पाहिजे. भातसा जलाशयात पाणी साठू लागल्यावर १९८३ साली या परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. सप्टेंबर १९८३ मध्ये ४.९ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. पुढे १९९३ साली किल्लारीला मातीत रचलेल्या जड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. म्हणून जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सळया घालून काँक्रीटचा सलग पट्टा सर्व भिंतींवरून फिरवून घ्यावा. खोल्या एखाद्या फुटाने लहान झाल्या तरी चालतील, पण हा पट्टा सोडू नये.

माझ्या यादीत आता विटांच्या आधी पाण्याचे पान आहे. विहीर कोणती, ती कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, पिंप किती लागतील, पाणी आणण्याची मजुरी किती, हे त्यावर लिहिले आहे. ही मजुरी घरातल्याच माणसाची असली तरी ती खर्चात मांडली आहे. ती मांडल्यावर घरातल्या सर्वांनीच स्लॅबऐवजी कौलांचा विचार सुरू केला. ज्यांच्या घरी यंदा पाया खणायचा असेल, त्या मित्रमैत्रिणींनी अंदाजपत्रकात ही एक ओळ अवश्य वाढवून पाहावी.